सासऱ्यांना ‘काही नको’ असतं: स्वभाव म्हणायचा, वय म्हणायचं की दुखणं?

वासणारोड_सून
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचत असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

माझे सासरे ७७ वर्षांचे. नोकरी बडोद्याजवळच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनला, शिफ्ट ड्युटी. निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात मजेत होते. मग सासूबाई गेल्या, वाडा बिल्डरकडे गेला आणि ते वासणा रोडला आमच्या फ्लॅटवर आले. तब्येत वयाच्या मानाने ठणठणीत. जेवतात, झोपतात, पेपर जाहिरातींसकट वाचून काढतात. पण कुठे जायला नको, कोणी यायला नको. हास्य क्लबात नाव घातलं. एकदा जाऊन आले, म्हणाले, "उगाच कशाला हसायचं?" टॅब आणून दिला, तो चार्जिंगला लावलेलाच असतो. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिकांची सहल, सगळ्याला एकच उत्तर: "मला काही नको, तुम्ही तुमचं बघा."

रागावलेले नसतात. रडत नाहीत. आमचे हे म्हणतात, बाबा आधीपासून असेच, स्वभावाला औषध नाही. मला ते पटत नाही, कारण वाड्यातले बाबा मी पाहिलेत. मागे लागावं की सोडून द्यावं?

पोळकर
बातम्यांचं चॅनल आधी बंद करा. अर्धं दुखणं तिथेच आहे.

कमाटीबाग_सकाळ
सोडून अजिबात देऊ नका. मी ७१. मला मुलाने अक्षरशः हाताला धरून कमाटीबागेत नेलं होतं. आता आमचं टोळकं आहे. फेऱ्या मारायच्या, मग बाकड्यावर बसून अमेरिकेच्या निवडणुकीपासून कोपऱ्यावरच्या गटारापर्यंत सगळं निकालात काढायचं. अधूनमधून सेव उसळ. डॉक्टरांना सांगत नाही. जुन्या स्कूटरसारखं असतं आमचं, दोन किका जास्त माराव्या लागतात.

गोळी_आणि_काढा
डॉक्टर आहे, पण न तपासता निदान करत नाही. तरी काही गोष्टी सांगतो.

उतारवयातलं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते ‘काही नको’ एवढंच असतं. सोबत झोप बिघडते, भूक मंदावते, कुठे ना कुठे दुखत राहतं. बायको जाणं आणि घर सुटणं पाठोपाठ झालेलं, तेव्हा ही शक्यता आधी तपासा. म्हाताऱ्या माणसांसाठी एक १५ प्रश्नांची हो-नाही स्वरूपाची चाचणी आहे, जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल. ३० प्रश्नांची मूळ चाचणी १९८० च्या दशकातली. त्यावरून निदान होत नाही, पण पुढे कोणाकडे जायचं का हे कळतं. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये ‘लासी’ नावाची देशव्यापी पाहणी झाली, ४५ च्या पुढच्या ७२ हजारांवर लोकांची. तीत साठीच्या पुढच्यांत सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं आढळली, आणि डॉक्टरने तसं निदान केलेले लोक १ टक्काही नव्हते. बाकीच्यांच्या घरी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेलं असणार.

दुसरं, थायरॉइड आणि बी १२. शाकाहारी असतील, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी १२ नक्की बघा. तिसरं, कान. चारचौघांतलं बोलणं ज्याला नीट ऐकू येत नाही तो ‘मला ऐकू येत नाही’ म्हणत नाही, ‘मला गर्दी आवडत नाही’ म्हणतो. हास्य क्लबात सगळे कशावर हसताहेत हेच कळलं नसेल तर?

‘जगून काय करायचंय’ असं काही बोलले तर मात्र धाग्यावर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वासणारोड_सून
धन्यवाद डॉक्टर. थायरॉइड ठीक आहे, बी १२ करून घेते. टीव्हीचा आवाज मोठा असतो खरा. खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आलाय.

नाबाद_७९
सूनबाई, तुझा हेतू चांगला आहे म्हणून स्पष्ट लिहिते. राग मानू नकोस.

मी ७९ वर्षांची. नरसिंहजीच्या पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, संसार केला, आता कारेलीबागेत एकटी राहते. शाळेत गणित शिकवायचे. माझ्या लेकीने मला मध्यंतरी रंगवायची पुस्तकं आणून दिली, आत मोर आणि फुलपाखरं. डबाभर रंगीत पेन्सिली पण. म्हणे, मन शांत होतं. माझं मन त्या मोराकडे बघून इतकं अशांत झालं की पुस्तक कामवालीच्या नातीला देऊन टाकलं. तिने मोर जांभळा केला, तो मात्र मला आवडला.

तू बाबांना काय काय दिलंस ती यादी पुन्हा वाच. सगळी करमणूक आहे. एकाही ठिकाणी त्यांच्यावाचून कोणाचं अडत नाही. हास्य क्लबात ते गेले नाहीत तर हसणारे हसतच राहणार.

आता दुसरी बाजू. माणसं कमी करणं हे दर वेळी दुःखच असतं असं समजू नका. मी लग्नांना जाणं बंद केलंय. आठला जेवण म्हणतात आणि दहाला वाढतात. मला पाच जणी पुरतात, त्यांच्याशी मी मनापासून बोलते. बाकीच्यांना दिवाळीला शुभेच्छा. मी दुःखी नाही, निवांत आहे. लेकीला ते एकटेपण वाटतं आणि ती मग पुस्तकं पाठवते.

मला एवढंच सांग: दांडिया बाजारात लोक त्यांच्याकडे कशासाठी येत असत?

आकडेमोड
मावशी, दंडवत! तुमच्या त्या पाच जणींवर स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी १९९० च्या दशकापासून काम केलंय. थोडक्यात सांगायचं तर पुढे वेळ भरपूर आहे असं वाटतं तेव्हा माणूस ओळखी आणि माहिती जमवत सुटतो. वेळ थोडा उरलाय असं वाटू लागलं की जवळची माणसं ठेवतो, बाकीची गाळतो. आणि हे निव्वळ वयामुळे होत नाही. तरुणांना ‘तुम्ही लवकरच गाव सोडून दूर जाणार आहात, अर्धा तास मोकळा मिळाला तर कोणासोबत घालवाल?’ असं विचारलं तर तेही म्हाताऱ्यांसारखीच घरची माणसं निवडतात.

स्वभावाबद्दल. मानसशास्त्रात सध्या पाच मोजपट्ट्या वापरतात: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि चिंता-चिडचिड. त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहिलं तर दिसतं की प्रौढपणी शिस्त आणि मनमिळाऊपणा सरासरीने वाढतो, चिडचिड उतरते. उतारवयात बहिर्मुखता आणि नव्याची ओढ ओसरते. पण दहा जणांत जो सगळ्यांत बोलका, तो म्हातारपणीही त्या दहांत बहुधा बोलकाच राहतो. म्हणजे सूनबाईंचे यजमान अर्धे बरोबर आहेत.

आणि मावशींच्या ‘त्यांच्यावाचून कोणाचं अडत नाही’ या मुद्द्यावर एक प्रसिद्ध प्रयोग. १९७६, अमेरिकेतल्या कनेटिकटमधला एक वृद्धाश्रम, संशोधक एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन. एका मजल्यावरच्यांना सांगितलं की खोली कशी लावायची, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. रोप हवं असेल तर निवडा, निगा तुम्हीच राखायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार आणि बाकी सगळं आश्रम बघणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत दिसले. दीड वर्षाने पाहिलं तर तिथे १५ टक्के दगावले होते, दुसरीकडे ३० टक्के.

शंकासुर
ज्येष्ठांवरचा धागा आला की ते रोप येणारच, मी वाटच बघत होतो.

एकूण माणसं ९१. मृत्यू ७ विरुद्ध १३. एका मजल्यावरच्या नर्स जरा प्रेमळ असल्या तरी एवढा फरक पडेल. शिवाय दीड वर्षानंतरच्या अहवालातलं गणित चुकलं होतं. १९७८ मध्ये दुरुस्ती छापावी लागली आणि मृत्यूंतला फरक पहिल्याइतका पक्का राहिला नाही. हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही.

तीच गत हार्वर्डच्या १९३८ पासून चालू असलेल्या अभ्यासाची. चांगली नाती असणारे म्हातारपणी सुखी आणि निरोगी, वगैरे. मूळचे ७२४ जण, सगळे अमेरिकन, गोरे आणि पुरुष. पोळीत पहाटे नळाचं पाणी भरून आयुष्य काढलेल्या आमच्या आजीला ते जसंच्या तसं लावायचं? आणि २००२ चा तो बेका लेव्ही यांचा निष्कर्ष, म्हातारपणाबद्दल चांगलं मत असणारे साडेसात वर्षं जास्त जगले. जो धडधाकट आहे त्याचं मत चांगलं असणारच की!

आकडेमोड
दुरुस्तीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. लेव्हींच्या बाबतीत नाही. त्यांनी तब्येत, आर्थिक स्थिती आणि एकटेपणा हिशेबात धरूनही फरक उरला होता. पाहणी एका गावातली आहे, एवढं म्हणा हवं तर.

पोळकर
शंकासुर, तुम्ही साडेसात वर्षं कमी जगणार बहुतेक. (हलके घ्या.)

पुणेकर_उपरा
अवांतर: ही सेव उसळ म्हणजे आमची मिसळच ना?

कमाटीबाग_सकाळ
नाही.

पोळकर
धाग्याचा आता खून पडणार. सेव उसळ वाटाण्याची, वर सेव, लाल तरी वेगळी, सोबत पाव. फरसाणाचा डोंगर नाही. आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, बडोद्याची भाकरवडी पण वेगळी.

ओंटारियो_बडोदेकर
परदेशी मुलगा म्हणून लिहितोय, शिव्या घालायच्या त्यांनी घाला.

आईबाबा बडोद्यात, मी आणि बहीण दोघंही बाहेर. रोज व्हिडिओ कॉल. ‘जेवलात का, गोळी घेतली का, थंडी आहे का’ यापुढे गाडी जात नाही. आईचं ‘सगळं छान आहे’ मला पाठ झालंय.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यात पाणी, वीज नाही, फोन लागेना. मी इकडे वेडापिसा. शेवटी फोन लागला तर आई घाईत होती! खालची तीन कुटुंबं दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आली होती. घरात गॅस होता, तांदूळ-डाळ होती, मोठं पातेलं माळ्यावरून काढलं होतं. बाबा जिन्यात बसून कोणाच्या घरात किती पाणी चढलं त्याची नोंद ठेवत होते आणि ‘मगर आली’ म्हणणाऱ्या पोरांना आधी खात्री करायला लावत होते. आई म्हणाली, "तुझ्याशी नंतर बोलते, खिचडी लागेल." इतक्या वर्षांत तिने माझा फोन कधी कापला नव्हता.

पाणी ओसरल्यावर पुन्हा ‘सगळं छान आहे’ सुरू. पूर काही परत मागवता येत नाही. पण आता मी फोनवर गोळ्यांचं विचारत नाही, पाककृती विचारतो आणि करताना चुलीसमोर फोन धरून ठेवतो. ती वैतागते, ओरडते, ‘अरे जळेल ते’ म्हणते. कॉल लांबतात.

नागरवाडा_वकील
मंडळी, सगळं मनावरच चाललंय. व्यवहाराचं बोलू का?

माझ्या टेबलासमोर बसणारे बरेच म्हातारे ‘मला काही नको’ म्हणतात, कारण मागायचं तर मुलाकडे हात पसरावा लागतो. एटीएम कार्ड मुलाकडे, पासबुक सुनेकडे, मोबाइल बँकिंगचा पिन नातवाकडे. सगळं प्रेमानेच झालेलं असतं. पण माणसाला स्वतःच्या पैशाने वडापाव खाता येईना झाला की त्याची इच्छाच मरते.

वाडा बिल्डरकडे गेला म्हणता. सह्या त्यांच्या, पण मोबदला कोणाच्या खात्यात आहे? मला सांगू नका, घरात बोला. आणि वाचणाऱ्या ज्येष्ठांसाठी: घर मुलाच्या नावावर करायचंच असेल तर माझा सांभाळ करायचा, ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून मिळू शकतं. अट लिहिलेली नसली की भांडण लांबतं. फोनवर माहिती हवी असेल तर केंद्र सरकारची एल्डरलाइन आहे, १४५६७.

वासणारोड_सून
कार्ड आणि पासबुक त्यांच्याकडेच आहे. पण ते कधी बँकेत जात नाहीत, हे करून देतात. मोबदल्याचं रात्री विचारते.

पोळकर
वकीलसाहेब, घरात आग लावून दिलीत!

फतेगंज_फायनलइयर
मी एमएस युनिव्हर्सिटीत शिकतो. आम्हा मित्रांच्या डोक्यात आहे की सुट्टीत एकट्या ज्येष्ठांकडे आठवड्याला जाऊन गप्पा मारायच्या. काका तयार असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करू?

आकडेमोड
कल्पना चांगली, पण थांब. रिचर्ड शुल्झ यांनी १९७६ मध्ये नेमकं हेच केलं होतं. कॉलेजची मुलं वृद्धाश्रमात भेटायला जात. काही आजीआजोबांना भेटीची वेळ स्वतः ठरवता यायची, काहींना निदान आधी कळायची, काहींकडे कधीही कोणी टपकायचं. ज्यांना ठरवता यायचं किंवा आधी कळायचं ते बाकीच्यांपेक्षा तब्येतीने आणि मनाने बरे राहिले. इथवर छान. पुढे सत्र संपलं, मुलं गेली. नंतर पाहणी केली तर जे सर्वांत सुधारले होते तेच घसरले होते. तेव्हा सुट्टीपुरतं जाणार असाल तर पहिल्याच भेटीत तसं सांगा. नाहीतर जाऊ नका.

फतेगंज_फायनलइयर
बापरे. हे लक्षातच आलं नसतं.

नाबाद_७९
बाळा, तू ये माझ्याकडे. वेळ मी सांगेन. आणि गप्पा मारायला नको, तुमचं ते स्टॅटिस्टिक्स घेऊन ये. बघू किती येतंय तुला.

शंकासुर
सगळ्यांनी आनंदी दिसलंच पाहिजे हा हट्ट कशाला? माझे वडील आयुष्यभर कुरकुरले. पेन्शन मिळाली तरी कुरकुर, पाऊस पडला तरी कुरकुर. ८८ व्या वर्षी वरण आळणी आहे म्हणून कुरकुरून झोपले आणि गेले. समाधानी माणूस होता. सूनबाईंचे सासरेही कदाचित तसेच असतील.

गोळी_आणि_काढा
कुरकुर चालू होती ना? मग काळजी नव्हती. आम्हाला काळजी वाटते ती कुरकुर थांबली की.

वासणारोड_सून
बऱ्याच दिवसांनी येतेय. आधी डॉक्टरांना: बी १२ खूप कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. कानांची तपासणी झाली. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांनी कमी ऐकू येतात. मशीनला मात्र ‘नको’, शिवाय किंमत ऐकून तर ठाम नको. ते १५ प्रश्नही झाले. सीमारेषेवर आलेत, महिन्याभराने परत बोलावलंय.

वकीलसाहेब, मोबदल्याचं आमच्याकडे बोलणं झालं. एवढंच लिहिते.

आता नाबादमावशींच्या प्रश्नाचं उत्तर. दांडिया बाजारात लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन यायचे. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, गणपतीतली लायटिंग. पैसे घेत नसत, पण वस्तू नीट वापरली नाही म्हणून बोलणी ऐकवत. हे मला माहीत होतं, तसं डोक्यात आलं नव्हतं एवढंच. मी मुद्दाम काही योजलंही नाही, झालं ते असं.

आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते. परवा कॅलेंडर बदलायला काढलं तर मागच्या कोऱ्या बाजूला बाबांच्या अक्षरात तक्ता! तारीख, मोटर चालू, पाणी वाहायला लागलं, मोटर बंद. पूर्ण महिन्याचा. खाली अंदाजे किती लिटर वाया गेलं त्याचा हिशेब आणि शेरा: ‘वॉचमनचा दोष नाही. फ्लोट अडकतो.’ मी बाकी काही न बोलता एवढंच विचारलं, बाबा, हे कमिटीला द्यायचं का? म्हणाले, "आधी माझा मल्टिमीटर काढ." तो वाड्याच्या सामानात, माळ्यावर, न उघडलेल्या खोक्यात. वॉचमनला घेऊन गच्चीवर गेले, वायर मोजल्या, खाली आले आणि बी १२ च्या आधीचे की नंतरचे ते देव जाणे, पण दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता पुढचं. चेअरमन म्हणाले, काका, तुम्ही वर कशाला चढता, पडलात तर जबाबदारी कोणाची? बाबांनी त्यांना गुजरातीत दोन पानी पत्र लिहिलंय. त्यावर उत्तर आलं, त्या उत्तराला बाबांनी उत्तर दिलं. रविवारच्या मीटिंगला गेले आणि आवाज चढवून आले. आमचे हे वैतागलेत, सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणतात. बाबा सुखी आहेत का? माहीत नाही. दुपारी झोपत नाहीत, कागद लिहीत बसतात.

पोळकर
चेअरमनसाठी वेगळा धागा काढा. ‘चेअरमनला काही नको असतं’.

गोळी_आणि_काढा
बीपी मोजत राहा. महिन्याभराची ती भेट चुकवू नका, भांडण रंगलंय म्हणून ती रद्द करायची नाही. आणि कानाच्या मशीनचं पुन्हा विचारा. मीटिंगमध्ये चेअरमन हळू आवाजात काय म्हणाले ते कळलं का, असं विचारून बघा.

नाबाद_७९
डॉक्टर, तुम्ही शाळेत मास्तर व्हायला हवे होतात. सूनबाई, पत्राची पोच घ्यायला सांग, तारीख आणि सहीसकट. आणि गच्चीवर जाताना पायात सपाता नकोत.

शंकासुर
माझा मुद्दा सिद्ध झाला.

आकडेमोड
माझा पण.

कमाटीबाग_सकाळ
आमच्या सोसायटीतही टाकी वाहते. मोटर आपोआप बंदच होत नाही. इलेक्ट्रिशियन दर वेळी नवा स्विच बसवून पैसे घेऊन जातो. काकांना जरा विचाराल का?

वासणारोड_सून
विचारलं. म्हणाले, आधी स्टार्टरच्या पेटीचा फोटो पाठवायला सांग, झाकण उघडून. मेन स्विच बंद करून मगच उघडा, हे दोनदा लिहायला सांगितलंय. मेन स्विच बंद करून मगच उघडा.